उदराचा दृष्टांत आणि ऋणकोचे गाऱ्हाणे

उदर आणि अवयव यांच्या कलहाचा दृष्टांत पाश्चात्त्य वाङ्मयात इतका रूढ झाला आहे की, तो प्रथम कोणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगितला गेला याची चौकशी करण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. सारे श्रम आम्ही करावे आणि उदराने स्वस्थ बसून खावे, हे असह्य होऊन अवयव असहकार पुकारतात; उदर उपाशी पडते, पण त्याबरोबर सारे शरीरही क्षीण होते; आणि उदर अन्न घेते तसे रक्तरूपाने परतही देते, हे त्यांच्या ध्यानी येते. परस्परावलंबनाचा बोध म्हणून ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतही गेली. परंतु रोमन इतिहासकार लिव्ही याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात ती ज्यांना सांगितली आहे, ते श्रोते होते युद्धावरून परतलेले कर्जबाजारी शेतकरी, आणि त्यांची मागणी होती ऋणमुक्तीची. या मागणीला हे उत्तर कितपत लागू पडते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

लिव्हीने ही हकीकत प्रसंगानंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनी लिहिली. तिच्या तपशिलाविषयी इतिहाससंशोधक साशंक आहेत आणि त्यांची शंका रास्तच आहे. आपल्याला येथे कर्तव्य आहे ते तिच्या वाङ्मयीन रचनेशी.

कथेचा आरंभ इ. स. पूर्व ४९५ मधला आहे. व्हॉल्स्की लोकांशी युद्धाचा प्रसंग जवळ आला असता रोमच्या चौकात एक वृद्ध धावत येतो. मळकी वस्त्रे, खंगलेले शरीर, वाढलेले केस आणि दाढी अशा अवतारातही लोक त्याला ओळखतात, कारण एके काळी तो सैन्यातील पथकनायक होता. तो छातीवरचे जुने वण दाखवतो आणि आपली कथा सांगतो. सबाइन लोकांशी झालेल्या युद्धात तो लढत असताना शत्रूने त्याचे पीक नासले, घर जाळले, गुरे हाकून नेली. अशा अवेळीच युद्धकर बसला. तो भरण्यासाठी कर्ज काढावे लागले आणि व्याजाने ते फुगत गेले. प्रथम बापआज्यांची जमीन गेली, मग उरलेली चीजवस्तू, आणि शेवटी एखाद्या क्षयासारखे ते कर्ज शरीरापर्यंत येऊन पोचले. सावकाराने त्याला नेले ते नुसत्या दास्यात नव्हे, तर बंदिशाळेत व छळगृहात. मग तो पाठ उघडी करतो. तिच्यावर चाबकाचे ताजे वळ आहेत.

छातीवरचे वण शत्रूचे आणि पाठीवरचे वळ स्वजनांचे: एवढ्या एका विरोधात लिव्हीने सारा प्रश्न उभा केला आहे. या वृद्धाच्या कथनात उधळेपणाचा लेशही नाही. त्या काळी रोमन शेतकरी आपल्या खर्चाने लढावयास जाई; सैनिकाला वेतन देण्याची प्रथा लिव्हीच्याच सांगण्याप्रमाणे इ. स. पूर्व ४०६ मध्ये सुरू झाली. म्हणजे युद्ध त्याच्याकडून तीन वेळा वसुली करी: एकदा श्रमाने, एकदा पिकाने आणि एकदा कराने. ‘नेक्सम’ या व्यवहारात ऋणकोचा देहच तारण राही. वसुलीची चौथी पायरी ती.

पुढील घटनांचा क्रम मोठा बोलका आहे. शत्रू चालून येत असल्याचे कळताच लोक सैन्यात नावे नोंदविण्यास नकार देतात. तेव्हा सर्व्हिलिअस हा कॉन्सल आज्ञा काढतो की, कोणाही नागरिकाला कोंडून ठेवून सैन्यात जाण्यापासून अडवू नये, आणि सैनिक छावणीत असेपर्यंत त्याच्या मालमत्तेला किंवा मुलानातवंडांना हात लावू नये. ऋणको घरांघरांतून बाहेर पडतात आणि रणांगणावर इतरांहून सरस पराक्रम करतात. विजय मिळतो. लगेच दुसरा कॉन्सल अ‍ॅपिअस क्लॉडिअस कर्जाच्या दाव्यांत कठोरतम निवाडे देऊन त्यांना पुन्हा धनकोच्या हवाली करू लागतो. दुसऱ्या वर्षी, ४९४ मध्ये, मॅनिअस व्हॅलेरिअस या सर्वाधिकाऱ्याच्या बाबतीत तेच घडते: आश्वासन, सैन्यभरती, विजय, आणि मग सेनेटचा नकार. सवलत होती ती शेतकऱ्याला नव्हे, सैनिकाला. आणि तीही शत्रू वेशीशी असेपर्यंत.

अखेर हे लोक रोमपासून तीन मैलांवरील पवित्र टेकडीवर निघून जातात. ते कोणावर हल्ला करीत नाहीत. अन्नापुरते घेतात आणि स्वस्थ बसतात. तेथे मेनेनिअस अग्रिप्पा येतो आणि उदराची गोष्ट सांगतो.

वृद्धाच्या कथनात शरीर हे शरीरच आहे. त्यावर वळ उठतात, ते खंगते. मेनेनिअसच्या गोष्टीत शरीर ही उपमा आहे. वाच्यार्थाने मांडलेल्या दुःखाला लक्षणेने दिलेले हे उत्तर आहे, आणि त्या स्थित्यंतरात कर्ज नाहीसे होते. उदर घेतलेले अन्न रक्तरूपाने परत देते. वृद्धाची जमीन त्याला कोणत्या रूपाने परत मिळाली? शिवाय सेनेटला या घटकेला भय होते ते उपासमारीचे नव्हे, तर युद्ध उद्भवल्यास लढणार कोण याचे. दृष्टांत या दोन्ही गोष्टींवर मौन पाळतो.

आपल्या वाङ्मयातील एका समांतर आख्यानाशी तुलना केली असता हे मौन अधिक स्पष्ट होते. छांदोग्योपनिषदाच्या पाचव्या अध्यायात इंद्रियांमध्ये श्रेष्ठत्वाचा वाद होतो. प्रजापती निकष सांगतो तो असा की, जो निघून गेल्याने शरीराची सर्वाधिक दुर्दशा होईल तो श्रेष्ठ. वाणी, नेत्र, श्रोत्र आणि मन एकेक वर्ष बाहेर राहून येतात, आणि शरीर मुके, आंधळे, बहिरे, अजाण होऊनही जगते. प्राण निघू लागताच मात्र इतर इंद्रिये उपटली जाऊ लागतात. येथे प्रत्येकाला निघून जाण्याची परीक्षा आहे. मेनेनिअसच्या गोष्टीतील उदर ही परीक्षा कधीच देत नाही; त्याचे महत्त्व आधीच गृहीत धरले आहे. उलट टेकडीवर गेलेल्या शेतकऱ्यांनी प्रत्यक्षात दिली ती नेमकी हीच परीक्षा होती, आणि तिने नगर हादरले. उपनिषदाचा निकष लावला तर त्या शरीराचा प्राण कोण, हे सांगावयास नको.

यावर एक आक्षेप संभवतो. या तडजोडीतून ट्रिब्यूनचे पद निर्माण झाले, आणि अधिकाऱ्याच्या जुलमापासून नागरिकाला सोडविण्याचा हक्क त्याला मिळाला. एका वेळच्या कर्जमाफीपेक्षा हा लाभ मोठा नव्हे काय? मोठा खरा. पण तो निघून जाण्याने मिळाला, गोष्टीने नव्हे. आणि लिव्हीच्या तहात कर्जाचा उल्लेखच नाही. त्याचा समकालीन ग्रीक लेखक डायोनिसिअस याला ही उणीव जाणवली असावी. त्याचा मेनेनिअस नादारांची कर्जे रद्द करण्याचे आणि बंदींना सोडण्याचे आधी जाहीर करतो, आणि मग गोष्टीकडे वळतो. कलादृष्ट्या ते भाषण पाल्हाळिक आहे. न्यायदृष्ट्या ते अधिक पूर्ण आहे.

उत्तरकाळाने मात्र लिव्हीचा संक्षेपच उचलला. प्लूटार्कच्या कोरिओलेनसचरित्रात व्याजाचा प्रक्षोभ आणि धान्याचा प्रक्षोभ वेगवेगळे आहेत. शेक्सपिअर ‘कोरिओलेनस’च्या पहिल्याच प्रवेशात दोन्ही एकत्र करतो: जमाव धान्य मागतो आणि सावकारीचा उल्लेख एका नागरिकाच्या तक्रारीपुरता उरतो. नाट्यदृष्ट्या ही निवड अचूक आहे, कारण भुकेल्यांसमोर उदराची गोष्ट तीव्र उपरोध होते. पण त्यामुळे दृष्टांताला शोभेल असा प्रश्न पुरविला गेला, आणि मूळ प्रश्न बाजूला पडला. लिव्हीच्या क्रमात धान्याची टंचाई नंतर येते. लोक निघून गेल्यामुळे शेते पडीक राहिली म्हणून ती येते.

लिव्हीला दोष देणे अन्यायाचे होईल. वृद्धाच्या पाठीवरचे वळ त्यानेच जपून ठेवले. मेनेनिअस पुढे वारला तेव्हा अंत्यविधीपुरतेही धन मागे नव्हते आणि सामान्य जनांनी वर्गणी काढून त्याला पोचविले, हेही तोच सांगतो. ऋणकोच्या देहाऐवजी त्याची मालमत्ताच तारण राहावी, हा कायदा तो इ. स. पूर्व ३२६ मध्ये नोंदवितो. आणि हे वर्ष सामान्य प्रजेच्या स्वातंत्र्याचा जणू दुसरा आरंभ होते, असा अभिप्राय देतो. टेकडीवरील गोष्टीपासून या कायद्यापर्यंत १६८ वर्षे लोटली. दृष्टांताचे सामर्थ्य सांगताना त्याच्या शेजारी हा आकडाही ठेवणे समीक्षकाचे कर्तव्य आहे.