जयंतीपलीकडचा शाहीर

सातारा-सांगलीकडच्या तरुणाला अण्णा भाऊ साठे प्रथम भेटतात ते १ ऑगस्टच्या मिरवणुकीत, कर्ण्यावरच्या एखाद्या गाण्यातून. गाणे त्याला हलवते. पण पुढे काय ऐकावे, हे त्याला कुणी सांगत नाही.

१९२० साली वाटेगावच्या मातंग वस्तीत जन्मलेल्या या माणसाने १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. पोवाडे, लावण्या, छक्कड, वग असा त्यांचा पसारा मोठा आहे. नवख्याने तीन रचनांपासून सुरुवात करावी. ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ परक्या मुलखातील लढाई कामगारांना आपली वाटायला लावतो. ‘मुंबईची लावणी’ शृंगाराचा साज बाजूला ठेवून शहरातील विषमता उघडी करते. ‘माझी मैना’ ही छक्कड वरवर विरहाची. पण तो विरह पोटासाठी गाव सोडल्याचा आहे, आणि शेवटी तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला जाऊन मिळतो.

मिरवणुकीत विरह तेवढा वाजतो, भूक गाळली जाते. समीक्षकांनीही वेगळे काय केले? डाव्यांनी त्यांच्यात वर्ग शोधला, आपण जात शोधली. तिन्ही रचना सलग ऐकल्या की कळते : गावकुसाबाहेरच्या माणसाला जात आणि वर्ग पाळीपाळीने छळत नाहीत.

छापील शाहिरी मात्र अर्धीच. डफ हवा, झीलकरी हवेत, समोर कष्टकरी हवेत. येत्या जयंतीला आपल्या कलापथकांनी एवढे तरी करावे : एक गाणे शंभरदा न वाजवता तिन्ही रचना अखेरपर्यंत गाव्यात.