देणगी कुणाची, निर्णय कुणाचा? टाटा ट्रस्टच्या शंभर वर्षांचे एक परीक्षण



आजचा विषय जरा अवघड जागेचे दुखणे आहे. टाटांच्या दानधर्माविषयी टीकेच्या सुरात बोलायचे म्हटले, की समोरचा माणूस आधी भुवया उंचावतो. आणि त्याचे चूक तरी कसे म्हणावे? महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात जा, परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये कुणाला तरी घेऊन गेलेले एखादे घर सापडतेच. तिथल्या फूटपाथवर रात्री काढलेली माणसेसुद्धा त्या नावाविषयी वाकडा शब्द काढत नाहीत. ही कृतज्ञता खरी आहे. पण कृतज्ञता बाळगून हिशेब मागता येतो, असे आम्हाला वाटते. किंबहुना सार्वजनिक संस्थेविषयी खरा आदर असेल तर तिचा हिशेब मागितलाच पाहिजे.

आधी रचना समजून घेऊ, कारण पुष्कळदा तिथेच गल्लत होते. टाटांच्या कंपन्यांच्या वर 'टाटा सन्स' ही कंपनी आहे. तिचे सुमारे ६६ टक्के भाग वेगवेगळ्या टाटा ट्रस्टच्या मालकीचे आहेत. म्हणजे मीठ, मोटार, सॉफ्टवेअर यांतून होणाऱ्या नफ्याचा एक वाटा लाभांश म्हणून टाटा सन्सकडे आणि तिथून ट्रस्टकडे जातो. इतर श्रीमंत घराणी मिळकतीतून दान करतात. इथे दान करणारी संस्थाच उद्योगाची मालकीण आहे. हे जगात फार थोड्या ठिकाणी दिसते, आणि याचे श्रेय दिलेच पाहिजे.

हे एका दिवसात झाले नाही. जमशेटजींनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता निधी काढला. १८९८ मध्ये त्यांनी विज्ञान संस्थेसाठी ३० लाखांची मालमत्ता देऊ केली. १९०४ मध्ये ते गेले आणि बंगळूरची संस्था १९०९ मध्ये उभी राहिली. धाकटे चिरंजीव सर रतन टाटा १९१८ मध्ये गेले, त्यांच्या नावाचा ट्रस्ट १९१९ चा. थोरले सर दोराबजी यांनी १९३२ मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, आपली जवळजवळ सगळी मिळकत ट्रस्टला दिली. दोघांनाही मूलबाळ नव्हते, ही गोष्ट यात लहान नाही. आणि मुंबईतले बहुतेक धर्मादाय निधी तेव्हा आपापल्या जातीसाठी, पंथासाठी असताना दोराबजींचा ट्रस्ट सगळ्यांसाठी खुला होता, हेही विसरू नये.

आम्हाला यांत सगळ्यात लक्षणीय वाटतात ते सर रतन. त्यांनी गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला मदत केली. १९०९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लढणाऱ्या गांधींना २५ हजार रुपये पाठवले. पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसे दिले. आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दारिद्र्याचा अभ्यास करण्यासाठी निधी दिला. त्या कामाचे पहिले संचालक आर. एच. टॉनी. आता बघा, भुकेल्याला जेवू घालणे हे दान आपल्याला नवे नाही. पण माणूस भुकेला राहतो कशामुळे, हे शोधायला पैसे देणे ही वेगळी बुद्धी आहे. भीक घालणारा आणि भिकेचे कारण विचारणारा, यांत फरक आहे की नाही?

हीच कसोटी आपण पुढे टाटांना लावणार आहोत. कारण विचारायचे, तर ते पैशाच्या उगमापाशीही विचारले पाहिजे.

सर रतन टाटा ट्रस्ट सुरू झाला त्याच वर्षी, १९१९ मध्ये, टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. तिला मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज पुरवायची होती, आणि त्यासाठी मुळशी पेट्यात निळा आणि मुळा नद्यांच्या संगमावर धरण बांधायचे होते. मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. गांधींनीही त्या वर्षी टाटांना उद्देशून जाहीरपणे लिहिले. पण सरकार कंपनीच्या बाजूला, पुण्याचे सावकार आणि जमीनदार मोबदल्यावर राजी, आणि कुळे उघड्यावर. शेवटी धरण झाले. प्राध्यापक राजेंद्र व्होरांनी या लढ्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

काही जण म्हणतील, कंपनी वेगळी, ट्रस्ट वेगळा. शंभर वर्षांपूर्वीचे उकरून काय मिळणार? मुळशीच्या भाताचा अमुक दाणा परळच्या अमुक खाटेपाशी आला, असे आम्ही म्हणत नाही. पण ट्रस्ट उद्योगाचा मालक आहे ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मग मालकाची जबाबदारी नफ्यापुरती आणि तोट्याच्या वेळी मात्र कंपनी वेगळी, हे कसे चालेल? गांधींच्या विश्वस्त कल्पनेत धनिकाने पैसा वाटायचा एवढेच नव्हते. तो कमावतानाही विश्वस्तासारखेच वागायचे होते. मुळशीचे विस्थापित हे खऱ्या अर्थाने या ट्रस्टचे न विचारलेले देणगीदार आहेत. त्यांचे नाव कुठल्या संगमरवरी पाटीवर असायला हरकत नव्हती.

आता दुसरा प्रश्न. पैसा कुठे जावा हे ठरवते कोण?

१९४४ च्या मार्चमध्ये डॉ. होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिले आणि मूलभूत संशोधनाच्या संस्थेची कल्पना मांडली. १९४५ मध्ये टीआयएफआर सुरू झाली. भारताच्या विज्ञानात या पत्राइतके फळलेले पत्र सापडणे कठीण. पण भाभांची सख्खी आत्या म्हणजे मेहरबाई, दोराबजींच्या पत्नी. घरातला मुलगा हुशार होता, त्याने मागितले, घराने दिले, देशाचे भले झाले. भाभांच्या योग्यतेविषयी शंका घेण्याचे कारणच नाही. आमचा प्रश्न एवढाच, की त्याच वेळी अमरावतीच्या किंवा धारवाडच्या एखाद्या हुशार मुलाने पत्र टाकले असते तर ते कुणाच्या टेबलावर गेले असते?

हा प्रश्न जुना झाला असे समजू नका. २००८ मध्ये टाटा एज्युकेशन अँड डेव्हलपमेंट ट्रस्टने अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाला पाच कोटी डॉलर दिले. त्यातला अर्धा भाग भारतीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी आणि अर्धा शेती व पोषणाच्या संशोधनासाठी होता. २०१० मध्ये टाटा समूहाच्या कंपन्या आणि ट्रस्ट यांच्याकडून हार्वर्ड बिझनेस स्कूललाही पाच कोटी डॉलर मिळाले. तिथे टाटांच्या नावाची इमारत उभी आहे. रतन नवल टाटा या दोन्ही ठिकाणी शिकले होते. आयकर खात्याने आक्षेप घेतला, आणि २०२० मध्ये न्यायाधिकरणाने ट्रस्टच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा कायद्याचा प्रश्न मिटला. औचित्याचा मिटला का? कॉर्नेलच्या शिष्यवृत्त्यांचे समर्थन करता येईल. हार्वर्डच्या इमारतीचे आम्हाला करता येत नाही. जिथे आधीच लक्ष्मी पाणी भरते, तिथे आपण आणखी एक घागर ओतली.

इथे आपला संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध असा, की धर्मादाय ट्रस्टला प्राप्तिकरात सवलत असते. जो कर सरकारी तिजोरीत आला असता, तो आपण सगळ्यांनी मिळून सोडलेला असतो. म्हणून अशा दानात आपलीही चार आण्यांची भागी आहे. भागीदाराने हिशेब मागितला तर त्याला कृतघ्न म्हणत नाहीत.

तिसरा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. देणारा हात आखडता कसा घेतो?

टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. म्हणजे आज आपण ज्याला 'टाटा' म्हणतो ते साठाहून अधिक वर्षे सरकारी पैशावर चालते! नाव राहिले, घडी राहिली, आणि खर्चाची जबाबदारी कायमची समाजाकडे आली. आमच्या मते ट्रस्टचे हे सर्वांत मोठे यश आहे. चांगले दान ते, जे शेवटी हक्क होऊन बसते. आसाममध्ये राज्य सरकारच्या भागीदारीत ट्रस्टने कर्करोग रुग्णालयांची साखळी उभी केली, त्यांतली सात २०२२ मध्ये सुरू झाली. ती याच वाटेने जावी.

याउलट चेंबूर-देवनारची टिस बघा. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्याच्या वस्तीत काम करता करता समाजकार्याच्या शिक्षणाची गरज ओळखली, आणि १९३६ मध्ये दोराबजींच्या ट्रस्टच्या पैशावर ही शाळा सुरू झाली. १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुढे सरकारी अनुदान आले, तरी अनेक अभ्यासक्रम आणि जागा ट्रस्टच्या मुदतीच्या निधीवर राहिल्या. २०२४ च्या जूनअखेर ५५ शिक्षक आणि सुमारे ६० शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना सेवा संपल्याच्या नोटिसा गेल्या. कारण दिले ते टाटा एज्युकेशन ट्रस्टचे अनुदान न आल्याचे. त्यांतले काही जण दहा वर्षांहून जास्त काळ शिकवत होते. बोंबाबोंब झाली, ट्रस्टने निधी द्यायचे कबूल केले, दोन दिवसांत नोटिसा मागे आल्या.

हायसे वाटले, ठीक आहे. पण यातून दिसले काय? समाजातल्या असुरक्षित कामगारांवर अभ्यास करणारी माणसे स्वतः वर्षावर्षाच्या करारावर होती. यात संस्थेच्या प्रशासनाचा दोष आहे, कायम जागा न भरणाऱ्या सरकारचाही आहे. पण नव्वद वर्षांच्या नात्यातला दाताही त्यातून सुटत नाही. इमारतीला पैसे देणे सोपे असते, कारण इमारत पुढच्या महिन्यात पगार मागत नाही. हल्लीच्या दानाचा सगळा ओढा तीन किंवा पाच वर्षांच्या प्रकल्पाकडे आहे. प्रकल्प संपतो, अहवाल छापला जातो, आणि गावातली कार्यकर्ती दुसरी नोकरी शोधते.

यावर एक जोरदार आक्षेप येतो, आणि तो आपण गंभीरपणे घ्यायला हवा. बाकीचे धनिक काय करतात ते बघा की! कुणी लग्नात कोट्यवधी उधळतो, कुणी देवळाचा कळस सोन्याने मढवतो. करोनाच्या सुरुवातीला टाटा ट्रस्टने ५०० कोटी जाहीर केले. मग काठी याच झाडावर का? उत्तर सोपे आहे. ज्या घराकडून अपेक्षाच नाही त्याचे परीक्षण करून हाती काय लागणार? मापदंड उंच आहे, कारण तो सर रतन यांनीच उंच करून ठेवला आहे.

९ ऑक्टोबर २०२४ ला रतन टाटा गेले, दोन दिवसांनी नोएल टाटा ट्रस्टचे अध्यक्ष झाले. नव्या पिढीकडून आपली मागणी मोठी नाही. अर्ज कसे येतात, निवड कशी होते, हे लोकांना कळू द्या. विश्वस्तांच्या मेजाभोवती ज्यांच्यासाठी हा पैसा आहे त्यांच्यातलीही दोन-चार माणसे बसवा. एखाद्या संस्थेचा हात धरायचा तर तो कधी आणि कुणाच्या हाती सोडणार, हे पहिल्याच दिवशी लिहून द्या. आणि कारण विचारण्यासाठी, म्हणजे संशोधनासाठी, गैरसोयीच्या प्रश्नांसाठीही, पैसे देत राहा. ते प्रश्न तुमच्याच कंपन्यांविषयी असले तरी.

आता प्रश्नोत्तरांकडे वळू. ज्यांना आमचे म्हणणे पटले नसेल त्यांनी आधी हात वर करावा.