कोकिळेचे अंडे आणि जादा अधिकार

क्लिफर्ड स्टॉल यांचे ‘द कुकूज एग’ (१९८९) हे पुस्तक बहुतेक जण हेरकथा म्हणून वाचतात. खगोलशास्त्रज्ञ असलेले स्टॉल १९८६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठ चालवीत असलेल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणक सांभाळत होते. वापराच्या हिशोबात ७५ सेंटची तफावत आली. तिचा माग काढता काढता ते थेट जर्मनीतील घुसखोरापर्यंत पोचले. पाठलाग रंगतदार आहे, थोडा लांबलेलाही. पण शिक्षकांच्या उपयोगाचा भाग सुरुवातीच्या मोजक्या पानांत आहे.

तिथल्या संगणकावर अनेक जण काम करीत. त्यावरील ईमॅक्स या संपादकासोबत ‘मूव्हमेल’ ही छोटी आज्ञावली होती. वापरणाऱ्याचे टपाल त्याच्या स्वतःच्या जागेत हलवायचे, एवढेच तिचे काम. मात्र बसवताना तिला संगणकाचे सर्वाधिकार दिलेले होते, आणि फाईल कुठे जाते आहे हे ती तपासत नसे. घुसखोराने तिच्याकरवी यंत्रणेच्या एका आज्ञावलीच्या जागी स्वतःची ठेवली. दर पाच मिनिटांनी यंत्रणा ती इमानाने चालवी. कोकिळेचे अंडे कावळीण उबवते, तसेच हे.

प्रत्येक आज्ञावलीला कामापुरतेच अधिकार द्यावेत, हे तत्त्व सॉल्ट्झर व श्रोडर यांनी १९७५ मध्येच मांडले होते. स्टॉल घुसखोराच्या नीतीवर जितके बोलतात, तितके या उधळपट्टीवर बोलत नाहीत. माझी तक्रार तीच आहे. शाळेच्या संगणककक्षात एखादे सॉफ्टवेअर चालेना, की सगळ्या मुलांना ॲडमिनिस्ट्रेटर करून टाकण्याचा उपाय सर्रास होतो. त्या सॉफ्टवेअरला नेमक्या कोणत्या फोल्डरमध्ये लिहायचे आहे, हे आधी पाहावे. बरेचदा तेवढीच परवानगी पुरते.