चरणदासचे नकार : भिलाईत आकाराला आलेल्या एका नाटकातील त्यागविचार

हबीब तनवीर यांच्या ‘चरणदास चोर’ची चर्चा मराठीत बहुधा लोकरंगभूमीच्या संदर्भात होते आणि लोकरूपाचा विषय निघाला, की ‘घाशीराम कोतवाल’पाशी येऊन थांबते. त्यामुळे या नाटकाचे आशयसूत्र दुर्लक्षित राहिले. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवरून तनवीरांनी ते रचले. 1974-75च्या सुमारास भिलाईतील शिबिरात नाचा कलावंतांच्या सहवासात ‘चोर चोर’ या नावाने त्याचे आरंभीचे रूप सिद्ध झाले आणि तेथेच सतनामी समाजाच्या मोठ्या जमावासमोर उघड्यावर त्याचा प्रयोग झाला. सत्य हेच ईश्वराचे नाव मानणाऱ्या, गुरू घासीदासांच्या अनुयायांचा हा प्रेक्षकवर्ग. पंथी नृत्यगीतांचा या नाटकातील वावर त्यामुळे केवळ अलंकरणापुरता राहत नाही.

कथेचा पेच विलक्षण आहे. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही, अशा चार प्रतिज्ञा चरणदास थट्टेने करून टाकतो. चोराला यांतले काय मिळणार होते! जे कधी वाट्याला येणारच नाही त्याचा त्याग करण्यात कसला त्याग? गुरू मात्र चोरी सोडण्याचा आग्रह धरतो. ते पोटावर येणारे असल्याने जमत नाही; तेव्हा तडजोड म्हणून खोटे न बोलण्याची पाचवी प्रतिज्ञा पदरात पडते. पुढे सत्ता नेमक्या त्याच चार वस्तू त्याच्यापुढे आणून ठेवते. थट्टेत उच्चारलेला शब्द प्राणावर बेततो.

येथे त्यागाची कल्पनाच उलटी होते. हरिश्चंद्राच्या आख्यानात राज्य असणारा राजा सत्यासाठी राज्य गमावतो आणि अखेरीस देव त्याला सर्व परत देतात. त्याग ही तेथे एक कसोटी असते. चरणदासजवळ सोडण्यासारखे काही नाही आणि परत मिळण्यासारखेही काही नाही. पु. ल. देशपांडे यांनी 1978 मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’ या नावाने मराठीत आणलेल्या नाटकाची तुलना अधिक उद्बोधक ठरते. ब्रेश्टच्या मूळ नाटकात फासावर जाणाऱ्या मॅकहीथला राणीचा दूत येऊन सोडवतो. माफीबरोबर मानमरातब आणि वार्षिक तनखाही मिळतो. ब्रेश्टचा चोर राजकृपेत सामावला जातो, चरणदास ती कृपाच परतवतो.

परंतु त्याला मारणारी प्रतिज्ञा कोणती? हत्ती नाकारला म्हणून तो तुरुंगात जातो. मृत्यू मात्र त्यामुळे येत नाही. लग्नाचा नकारही राणी कदाचित पचवू शकली असती. तिची अखेरची मागणी एवढीच, की झाले ते कोणाला सांगू नकोस. ती पुरवणे पाचव्या प्रतिज्ञेत बसत नाही. सत्तेला नकार सोसतो, त्याचा बोभाटा सोसत नाही, हे नाटकाचे सर्वांत धारदार निरीक्षण. खजिन्यातून पाच मोहरा चोरल्याचे चरणदास बिनदिक्कत कबूल करतो, तर मुनीम आणखी पाच स्वतःच्या खिशात घालून दहाची चोरी सांगतो. खोटे बोलून टिकणारी व्यवस्था आणि खरे बोलून मरणारा चोर, ही विसंगती तनवीर आधी हसू पिकवून मांडतात.

प्रतिज्ञांनी बांधलेला माणूस स्वतंत्र कसा, हा आक्षेप रास्त आहे. अँटिगनी आपला मार्ग जाणून निवडते. चरणदास आपल्याच बोलण्यात अडकतो. तरी शब्द मोडून जगण्याची संधी प्रत्येक प्रसंगी समोर असते आणि प्रत्येक वेळी नाही म्हणताना ती थट्टा त्याची स्वतःची होत जाते. आरंभीचे बंधन पुन्हा पुन्हा स्वीकारल्याने निवड बनते. या दृष्टीने त्याचे स्वातंत्र्य आरंभी नाही, अखेरीस आहे.

देथांच्या कथेत चोराच्या मृत्यूनंतर राणी गुरूला वश करते आणि तो तिच्या प्रस्तावाला रुकार देतो. हा उपरोधिक शेवट तनवीरांनी टाळला. त्यांच्या नाटकात लोक गात गात चरणदासला वंदन करतात. कथेचा कडवटपणा त्यामुळे काहीसा ओसरला, हे मान्य करावे लागेल. मात्र सत्तेचा प्रस्ताव नाकारणारा माणूस पंथी गीताच्या लयीत समूहाच्या स्मरणात जातो, ही जोड भिलाईतील त्या प्रेक्षकांवाचून सुचली नसती. 8 जून 2009 रोजी तनवीर निधन पावले आणि त्याच वर्षी सतनामी समाजातील काही धर्मगुरूंच्या आक्षेपावरून छत्तीसगढ शासनाने शालेय वाचनाच्या कार्यक्रमातून हे पुस्तक वगळले. ज्या समाजाच्या सत्यनिष्ठेतून नाटकाला बळ मिळाले, त्याच समाजातील काहींना त्यात अवमान दिसला. चोराच्या मुखी सत्य ठेवण्याची किंमत नाटकाला अशी रंगमंचाबाहेरही द्यावी लागली.