कथा सांगणारी आणि कथा लिहिणारी : ‘ओल्ड डेक्कन डेज’च्या निमित्ताने

गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या कोल्हापुरातील पाच लेखक-लेखिका टंकलिखित पानांचे एक बाड घेऊन माझ्याकडे आले. जुन्या परीकथा आणि लोककथा पाचांनी मिळून मुलांसाठी नव्याने लिहायच्या, छपाईचा खर्च वाटून घ्यायचा आणि प्रत्येकाने आपापल्या ओळखीत प्रती खपवायच्या, अशी त्यांची योजना होती. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात टेबल मांडण्याची परवानगी हवी होती; शिवाय मी प्रस्तावना लिहावी, असाही आग्रह होता. बाड मी दोन रात्रींत वाचून काढले. भाषा स्वच्छ होती, कथा रंगल्या होत्या. परत देताना मी सहज विचारले, “या गोष्टी तुम्हांला कोणी सांगितल्या?” एकाने आजीचे नाते सांगितले. दुसरीने लहानपणी घरी कामाला येणाऱ्या एका बाईंची आठवण काढली. त्या बाईंचे नाव मात्र तिला आठवेना. मुखपृष्ठावर पाच नावे होती आणि पाचही लिहिणाऱ्यांची होती.

प्रस्तावना मी अजून लिहिलेली नाही. तिच्याऐवजी एका जुन्या पुस्तकाविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले. ते पुस्तकही अनेक हातांनी मिळून सिद्ध झालेले आहे, त्यातील कथा आपल्याच मुलखातील आहेत आणि त्या सांगणारी बाई कॅथलिक होती.

‘ओल्ड डेक्कन डेज’ हे ते पुस्तक. ते लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने १८६८ साली काढले. हिंदुस्थानातील लोककथा प्रत्यक्ष सांगणाऱ्याच्या तोंडून ऐकून इंग्रजीत ग्रथित करण्याच्या कामातील हा अगदी आरंभीचा संग्रह. सर बार्टल फ्रियर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. १८६५ च्या हिवाळ्यात ते दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघाले. दक्षिण मराठा मुलूख म्हणजे आपले कोल्हापूर संस्थान ज्यात मोडत असे तो सारा प्रदेश. छावणीत त्यांची वीस वर्षांची कन्या मेरी होती. बरोबरीची दुसरी स्त्री छावणीत नसल्याने तिचा वेळ जाता जाईना. वाचून, लिहून, चित्रे काढून कंटाळल्यावर एके दिवशी तिने आपल्या आयेला गोष्ट सांगायला सांगितले. त्या आयेचे नाव ॲना लिबेराता डिसोजा. तिने सांगितलेल्या चोवीस कथा म्हणजे हे पुस्तक.

ॲनाबाईंचे घराणे मूळचे लिंगायत. आजोबांनी गोव्याच्या परिसरात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणून त्यांच्या वडिलांनी त्यांना बायकामुलांसह घराबाहेर काढले. पुढे आजोबा इंग्रजांच्या पलटणीत हवालदार झाले. ॲनाबाईंना या कथा सांगितल्या त्या आजीने. गडहिंग्लज-चिकोडीकडचा लिंगायत समाज आणि आजरा-चंदगडकडची आपली कोकणी बोलणारी कुटुंबे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही कहाणी परकी वाटणार नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असे एक काढून दिलेले पणजोबा आणि अशी एक गोष्टीवेल्हाळ पणजी असतेच.

पुस्तकाचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. कथा उत्तम आहेत. ‘पंचकिन’ या कथेतील जादूगाराचा प्राण दूरच्या अरण्यात एका पोपटात ठेवलेला असतो. पुढे लोककथांचा अभ्यास करणाऱ्या युरोपीय पंडितांनी या कल्पनेवर पुष्कळ खल केला, आणि जोसेफ जेकब्ज यांनी १८९२ साली हिंदुस्थानी परीकथांचा संग्रह केला तेव्हा ही कथा त्यात घेतली. शूर सेवंतीबाई पुरुषवेष घेऊन मुलूख पालथा घालते. एक कुंभार गैरसमजाने वाघावर स्वार होतो आणि लोकांच्या डोळ्यांत वीर ठरतो. त्या वाघाने एका म्हातारीच्या तोंडून गळक्या छपराची तक्रार ऐकलेली असते आणि ‘गळती’ हे कोणी भयंकर श्वापद असावे असा धसका घेतलेला असतो. घरात पावसाळाभर ठिकठिकाणी भांडी मांडून बसणाऱ्या बाईलाच ही कथा सुचू शकते. राजवाड्यातील माणसाला गळतीची भीती ठाऊक नसते.

आणि यात आपले चिऊ-काऊही आहेत. मराठी घरात ही गोष्ट कशी सांगितली जाते ते सर्वांना माहीत आहे : शेणाचे घर वाहून जाते, मेणाचे राहते, कावळा दार ठोठावतो आणि चिमणी बाळाच्या न्हाणीची कारणे सांगत राहते. ऐकणाऱ्या बाळाची माया चिमणीकडे असते. ॲनाबाईंच्या कथेतही वादळ आहे, मोडलेले घरटे आहे, चिमणीची एकामागून एक कारणे आहेत. परंतु पुस्तकातील शीर्षक आहे ‘स्वार्थी चिमणी आणि बेघर कावळे’. शीर्षक कोणीही दिलेले असो, येथे दोषी ठरते ती दार न उघडणारी. ज्या घराण्याला वडिलांनी भर संसारात उंबऱ्याबाहेर काढले, त्या घराण्यातून ही कथा आलेली आहे हे लक्षात घेतले की बंद दारासमोर भिजणाऱ्या कावळ्याकडे आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो. एकच गोष्ट सांगणारा बदलला की तिचा न्याय बदलतो. म्हणून सांगणारा कोण, हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. तो कथेच्या अर्थाचाच प्रश्न आहे.

आता दोषाकडे वळू. या पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ मोठे बोलके आहे. मौखिक परंपरेतून संग्रह करणारी मेरी फ्रियर, प्रस्तावना आणि टिपा लिहिणारे तिचे वडील सर बार्टल फ्रियर, चित्रे काढणारी तिची बहीण कॅथरीन फ्रियर. सारे कुटुंब पुस्तकाच्या सिद्धतेत आणि प्रसिद्धीत सहभागी आहे. माजी गव्हर्नरांची प्रस्तावना आणि लंडनच्या नामांकित प्रकाशकाचा शिक्का लाभल्यावर पुस्तकाला वाचक न मिळते तरच नवल. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. या सगळ्यांत ॲना लिबेराता डिसोजा कुठे आहेत? त्या ‘मौखिक परंपरा’ या दोन शब्दांत आहेत. तीन फ्रियरांना नावे आहेत. परंपरेला नाव नाही. वास्तविक ती परंपरा त्याच छावणीत राहत होती आणि मेरीच्या हाकेला ओ देत होती.

मेरीवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नोंदवले पाहिजे की पुस्तकाच्या आत तिने ॲनाबाईंना जागा दिली आहे. ‘सांगणारीचे कथन’ या प्रकरणात ॲनाबाई स्वतःची जीवनकथा स्वतःच्या तोंडाने सांगतात : आजोबांचे धर्मांतर, आजीच्या गोष्टी, वैधव्य, बुडून गेलेला मुलगा, पोटामागे धावताना विसरत गेलेल्या कथा. त्या काळी एखाद्या गव्हर्नरकन्येने आयेचे चरित्र ग्रंथात छापावे ही लहान गोष्ट नव्हती. शिवाय प्रत्येक कथा लिहून झाल्यावर तपशील बरोबर उतरला की नाही याची खात्री करण्यासाठी मेरी ती ॲनाबाईंना वाचून दाखवत असे. ही तिची सचोटी होय.

तरीही सूक्ष्म वाचन केले की एक विसंगती जाणवते. जीवनकथेत ॲनाबाईंचे इंग्रजी त्यांचे स्वतःचे आहे : व्याकरणात अडखळणारे, पण नेमके आणि धारदार. कथांमधील इंग्रजी मात्र इंग्रज दिवाणखान्यातील आहे, घोटीव आणि सभ्य. म्हणजे दुःख सांगताना बाईंची भाषा ठेवली आणि कला सांगताना ती बदलली. दुःख मोडक्या भाषेत शोभते आणि कला शोभत नाही, असे संग्राहिकेला वाटले असावे काय? मोडक्या इंग्रजीत रंगलेली सेवंतीबाई कशी असती हे आता कळणार नाही. संग्रहातील माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

दुसरी तक्रार उपशीर्षकाविषयी. त्यात या कथांना ‘हिंदू’ परीकथा म्हटले आहे. विषयापुरते ते खरे आहे; राजे, ब्राह्मण, राक्षस यांनी पाने भरलेली आहेत. परंतु सांगणारी ख्रिस्ती, तिची आजी ख्रिस्ती, आणि त्या कथा कॅथलिक घराच्या चुलीपुढे सांगितल्या गेलेल्या. आजोबांनी धर्म बदलला. आजीने गोष्टी बदलल्या नाहीत. आपल्यातील काही मंडळी अशा कथांकडे आजही संशयाने पाहतात आणि मुलांच्या कानावर राक्षसांच्या गोष्टी कशाला, असे मला विचारतात. त्यांना मी ॲनाबाईंच्या आजीकडे पाहण्यास सांगतो. श्रद्धा आणि आजोळची भाषा एका घरात सुखाने नांदू शकतात. हा धडा आपण आपल्याच एका आयेकडून शिकायला हवा होता. तो एका इंग्रज पुस्तकातून शिकावा लागतो.

सांगणाऱ्याचे नाव गाळण्याचा दोष केवळ इंग्रजांचा नाही. अल्लाउद्दीन आणि अलिबाबा यांच्या गोष्टी मराठी मुले पिढ्यान्पिढ्या ऐकत आली. अरबी कथांच्या मूळ हस्तलिखितात या दोन्ही नव्हत्या. अलेप्पो शहरातील हन्ना दियाब या तरुणाने १७०९ साली पॅरिसमध्ये त्या आंत्वान गालां या फ्रेंच पंडिताला सांगितल्या. दियाब मारोनाइट पंथाचा, म्हणजे रोमशी ऐक्य राखणाऱ्या पौर्वात्य कॅथलिकांपैकी. गालांने त्याचे नाव आपल्या रोजनिशीत लिहिले, पण ग्रंथात त्याचा उल्लेख केला नाही. दियाबने स्वतः लिहिलेला प्रवासवृत्तांत व्हॅटिकन ग्रंथालयातील हस्तलिखितांत पडून होता. तो अगदी अलीकडे छापला गेला. उलट बाजूचेही उदाहरण आहे. जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी आपल्या संग्रहाच्या १८१५ सालच्या दुसऱ्या खंडात डोरोथेआ फीमान या शिंप्याच्या बायकोचे ऋण नाव घेऊन मान्य केले, आणि १८१९ च्या आवृत्तीत तिचे रेखाचित्र छापले. ते त्यांच्याच धाकट्या भावाने काढले होते. तेथेही एक कुटुंबच पुस्तक घडवत होते; पण त्या कुटुंबाने कथेकरणीसाठी दर्शनी जागा राखली.

आपल्या महाराष्ट्रात याहून पुढचे पाऊल पडलेले आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून, सहकाऱ्यांच्या मदतीने, हजाराहून अधिक गावांतील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदवले. आज त्या ओव्या प्रसिद्ध होतात तेव्हा प्रथम बाईचे नाव येते. संग्राहकांचा मान त्यामुळे तसूभरही कमी झालेला नाही.

ॲनाबाई १८८७ साली पुण्यात वारल्या. मेरी फ्रियर १९११ पर्यंत जगल्या. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००२ साली किरीन नारायण यांनी हा संग्रह नव्या प्रस्तावनेसह पुन्हा वाचकांपुढे आणला. आणि २०२० साली लीला प्रसाद यांनी आपल्या ग्रंथात ॲना लिबेराता डिसोजा यांच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. नाव परत मिळायला दीड शतक लागले.

हे सारे मी न्यायाधीशाच्या खुर्चीतून लिहीत नाही. सेमिनरीतून बाहेर पडल्यावर माझ्या पहिल्या धर्मग्रामात एक वृद्ध बाई होत्या. चर्चच्या पायरीवर बसून त्या मुलांना गोष्टी सांगत. त्यांतील एक गोष्ट मी प्रवचनात वापरली, लोकांना आवडली, म्हणून पुढे एका ख्रिस्ती मासिकात लिहून पाठवली. खाली माझे नाव छापून आले. बाईंना वाचता येत नव्हते. मी त्यांना अंक दाखवला नाही. दाखवण्यासारखे त्यात काही आहे असे त्या वेळी मला वाटलेच नाही. पुढे माझी बदली झाली आणि काही वर्षांनी त्या गेल्याचे कळले. आज ते मासिक हातात घेतले की ‘मौखिक परंपरा’ या दोन शब्दांमागे लपण्याचा मोह किती साधा असतो, हे मला कळते.

म्हणून आमच्या पाच लेखकमित्रांना माझे सांगणे एवढेच आहे. एकत्र लिहा, एकत्र छापा, टेबल जरूर मांडा. मुलांना गोष्टी हव्याच आहेत. परंतु प्रत्येक कथेच्या आरंभी ती कोणी सांगितली, कुठल्या गावी, केव्हा ऐकली, ते दोन ओळींत लिहा. जी बाई आठवत नाही तिचा शोध घ्या. तिची मुले-नातवंडे याच शहरात कुठेतरी असतील. सांगणारी हयात असेल तर छापण्यापूर्वी कथा तिला वाचून दाखवा. मेरी फ्रियरने हे तंबूत बसून केले होते, आपल्याला ते घरबसल्या जमावे. आणि पुस्तकाचे पैसे आलेच तर तिचा वाटा बाजूला काढा.

ॲनाबाईंच्या संग्रहात एक छोटी कथा आहे. सूर्य, चंद्र आणि वारा ही भावंडे काका-काकूंकडे, म्हणजे मेघगर्जना आणि वीज यांच्याकडे, जेवायला जातात. त्यांची आई, एक दूरची तारका, घरी एकटीच वाट पाहत असते. सूर्य आणि वारा पोटभर जेवून रिकाम्या हातांनी परततात. चंद्र, जी कथेत मुलगी आहे, प्रत्येक पदार्थातील थोडे थोडे आपल्या लांब नखांखाली आईसाठी जपून आणते. आई त्या दोघांना शाप देते आणि तिला शीतलतेचा आशीर्वाद देते. पाचही लेखकांनी बाड परत आणले की प्रस्तावनेत मी हीच कथा सांगणार आहे, आणि तिच्याखाली ॲना लिबेराता डिसोजा हे नाव लिहिणार आहे.