अस्पर्श बेट आणि पडीक माळ

मराठी दिवाळी अंकांतल्या पर्यटनाच्या पानांवर अंदमानचा लेख आता ठरलेला पाहुणा झाला आहे. गेल्या काही वर्षांत असे बरेच लेख मी जमवले आणि एकापाठोपाठ एक वाचले. लेखक बदलतो, अंक बदलतो, आराखडा मात्र बदलत नाही. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम, मग हॅवलॉकचा राधानगर किनारा, नीलची प्रवाळे, बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि शेवटी ‘एकदा तरी जावेच’ असा निरोप. शब्दही ठरलेले: पाचूची बेटे, निळाशार समुद्र, निर्मनुष्य किनारा, पृथ्वीवरचा स्वर्ग. या सगळ्यांत एक विशेषण मला जास्त महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे ‘अस्पर्श’. निसर्ग अस्पर्श, जंगल अस्पर्श, सगळे बेटच अस्पर्श. प्रस्तुत लेखात त्या एका शब्दाची तपासणी करायची आहे. शब्द सवयीने येतो हे खरे, पण त्याच्यामुळे वाचकाच्या मनात त्या भूमीचा एक सातबारा तयार होतो आणि त्यात मालकाचे नाव कोरे राहते, असे माझे म्हणणे आहे.

मराठी वाचकाच्या मनात अंदमान मुळात दोन आहेत. एक काळ्या पाण्याचे. सावरकरांना १९११ साली तिथे नेले आणि ‘माझी जन्मठेप’ १९२७ मध्ये पुस्तकरूपाने आले. पुढे १९३७ च्या ‘काळे पाणी’ या कादंबरीत तुरुंगाबाहेरचे रान आणि तिथल्या जमातीही कथानकात आल्या. पण ही गोष्ट मुख्य भूमीवरून नेलेल्या माणसांची आहे. समुद्र आणि जंगल हे कैदेचेच विस्तार आहेत, म्हणजे आणखी दोन भिंती. कैद्याच्या लेखनात ते तसे असणे स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरे अंदमान निळ्या पाण्याचे. इथे भिंतीचे चित्र होते, एवढाच फरक. पर्यटनलेख सकाळी पहिल्या अंदमानापुढे हात जोडतो आणि दुपारी दुसऱ्यात डुंबतो. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान राहते: बेटावरचा माणूस वाक्याचा कर्ता होत नाही.

आता ‘अस्पर्श’ हा शब्द वस्तुस्थितीशी ताडून पाहू. इंग्रजांनी १८५८ साली पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत सुरू केली. पुढच्याच वर्षी ग्रेट अंदमानी लोकांनी तिच्यावर हल्ला केला. ती ॲबरडीनची लढाई. त्या वेळी काही हजारांत असलेले हे लोक रोगराई आणि वसाहतीच्या धक्क्याने आज पन्नासच्या आसपास उरले आहेत. चॅथमची लाकूड गिरणी १८८३ ची. पर्यटक तीही पाहून येतात आणि त्याच लेखात चार ओळींनंतर जंगलाला अस्पर्श म्हणतात. हॅवलॉक आणि नीलवर राहतात ती बहुतेक पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची कुटुंबे. ब्रह्मदेशातले कारेन लोक १९२५ पासून मायाबंदरच्या बाजूला आहेत. जंगलतोडीच्या कामाला छोटा नागपुरातून आणलेल्या मजुरांचे वंशज तिथे ‘रांचीवाले’ म्हणून ओळखले जातात. ज्या भूमीला दीडशे वर्षे इतके हात लागले, तिला अस्पर्श म्हणणे म्हणजे त्या हातांचा हिशेबच पुसून टाकणे.

वन्यजीवांच्या बाबतीत तर हा शब्द अधिकच फसवा ठरतो. रॉस बेटावर पर्यटकांच्या जवळ येणारी चितळे छायाचित्रांत हमखास दिसतात. ती इंग्रजांनी बाहेरून आणली. समुद्रात पोहणारा हॅवलॉकचा ‘राजन’ हत्ती २०१६ साली गेला. तोही मूळचा बेटावरचा नव्हता, लाकूड ओढायला आणलेल्या हत्तींपैकी होता. इंटरव्ह्यू बेटावर आज रानटी म्हणून फिरणारे हत्ती हे १९६२ च्या सुमारास एका लाकूड कंपनीने काम बंद करताना सोडून दिलेल्या हत्तींची पुढची पिढी. म्हणजे वन्यजीव म्हणून ज्यांचे कौतुक होते, ते वसाहतीचे आणि लाकूड-व्यवसायाचे उरलेले सामान आहे. जे खरोखर तिथलेच आहे ते लेखात येत नाही. नारकोंडम नावाच्या सुमारे सात चौरस किलोमीटरच्या बेटावर धनेशाची एक जात आहे, ती जगात दुसरीकडे कुठेही नाही. निकोबारचा मेगापोड हा कोंबडीएवढा पक्षी अंड्यांवर बसत नाही. तो किनाऱ्यालगत वाळू आणि पाचोळ्याचा मोठा ढिगारा रचतो आणि कुजणाऱ्या पाचोळ्याच्या उबेत अंडी उबवतो. आपल्याकडे उकिरड्यातली ऊब हाताला लागलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे चटकन कळेल. इतकी सोपी आणि नवलाची गोष्ट मराठी लेखात का येत नाही? कारण ती पाहण्यासाठी आधी ती कुणाकडून तरी ऐकावी लागते, आणि सांगणारा माणूस तर आपण वाक्यातून वगळलेला असतो.

या वगळण्याचा सर्वांत अवघड नमुना म्हणजे बाराटांगचा रस्ता. अंदमान ट्रंक रोडचा काही भाग जारवांच्या राखीव क्षेत्रातून जातो. जारवांनी १९९७ नंतर बाहेरच्यांशी वैर सोडले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. रस्त्याचे राखीव क्षेत्रातले भाग बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला, तरी वाहतूक सुरूच राहिली. जिरकाटांगहून गाड्यांचा ताफा निघतो, फोटो काढायला, थांबायला मनाई असते. लेखक हा नियम इमानदारीने सांगतो आणि पुढच्याच वाक्यात ‘आम्हाला दोघे दिसले’ असे लिहितो. क्रियापद पाहावे: दिसले. वाघ दिसतो तसे. अस्पर्श निसर्गाच्या यादीत माणूस शिरू शकतो तो फक्त असा, प्राणी होऊन.

पर्यटकाकडून संशोधनाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप यावर येईल. पाच रात्री आणि सहा दिवसांत माणूस किती पाहणार? शिवाय पर्यटनावर तिथली अनेक घरे चालतात. दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. म्हणून मी मोजमाप बाहेरून आणत नाही, मराठीतलेच घेतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’त रान आहे तशी रानात वावरणारी माणसेही आहेत. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, पण पाखरांची, झाडांची, माशांची नावे ते गोंडांकडून, ढिवरांकडून शिकले आणि ती त्यांनी मराठीला दिली. आपल्या निसर्गलेखनाची उंची अशी नाव विचारण्याच्या सवयीतून आली. विदर्भाचे रान पाहताना जी सवय आपण बाळगली, ती विमानात बसताना घरी का ठेवतो?

अंदमानच्या बाबतीतही ते शक्य आहे, याचा पुरावा पुण्यातच आहे. पक्षितज्ज्ञ सतीश पांडे आणि भाषातज्ज्ञ अन्विता अब्बी यांनी ग्रेट अंदमानी भाषेतली पक्ष्यांची नावे, त्यांचे वर्गीकरण आणि त्यांच्याशी जोडलेला समज एकत्र करून २०११ साली इंग्रजीत पुस्तक केले. त्या लोकांच्या धारणेत पक्षी हे पूर्वज. बो भाषा बोलणारी शेवटची स्त्री, बोआ सीनियर, जानेवारी २०१० मध्ये वारली. भाषेत बोलायला कुणी उरले नाही तेव्हा ती पक्ष्यांशी बोलत असे, अशी नोंद अब्बींनी केली आहे. ज्या झाडावरच्या पाखराला कुणी नातलग म्हणून हाक मारत होते, त्या झाडाला आपला लेख ‘अस्पर्श’ म्हणतो.

हा विषय मला इतका का लागतो, ते सांगायला हवे. मी घोडेगावात राहतो. इथून शिंगणापूर हाकेच्या अंतरावर आहे आणि शनीच्या दर्शनाला येणारी वाहने आमच्याच फाट्यावरून वळतात. ‘दारे नसलेले गाव’ या तीन शब्दांत एका अख्ख्या गावाचे ऊसपाणी, भाऊबंदकी, कर्जे कशी नाहीशी होतात ते आम्ही रोज पाहतो. पर्यटकाच्या वाक्यात आपण कसे दिसतो, याचा अनुभव या पट्ट्याला आहे.

दुसरा अनुभव माळाचा. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते आणि त्यात कर्जत, श्रीगोंद्याबरोबर आमचा नेवासा तालुकाही होता. वस्त्या, पिके, रस्ते, बाजार यांच्यासकट सगळे कागदावर अभयारण्य. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. दरम्यान माळढोक गेला. जमिनीवर उघड्यावर बहुधा एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्याला मोकळे गवताळ रान लागते. ते रान आमच्या दप्तरी ‘पडीक’ किंवा ‘पोटखराबा’ म्हणून लिहिलेले होते. मेंढपाळाला ती चराई होती, माळढोकाला घर होते. दप्तरात मात्र ते रिकामे होते. रिकाम्या जागेचे काहीही करता येते. मुळेच्या कालव्याने ऊस आणला, त्याने आमची पोटे भरली, हेही खरेच. पण माळाचा निवाडा जमिनीच्या मोजणीआधी एका शब्दाने केला होता.

‘पडीक’ हा शब्द हेटाळणीचा आणि ‘अस्पर्श’ कौतुकाचा, म्हणून ते परस्परविरोधी वाटतात. माझ्या मते ते सख्खे भाऊ आहेत. दोन्ही सांगतात की इथे कुणी नाही. पहिल्या शब्दापाठोपाठ नांगर येतो, दुसऱ्यापाठोपाठ रिसॉर्ट किंवा त्याहून मोठे काही.

त्याहून मोठे काय, ते ग्रेट निकोबारवर दिसते. तिथला गॅलाथिया उपसागर म्हणजे लेदरबॅक या अजस्र समुद्री कासवाची अंडी घालण्याची महत्त्वाची जागा. तिथल्या अभयारण्याचा दर्जा जानेवारी २०२१ मध्ये काढला गेला. त्या जागी माल चढ-उताराचे बंदर, शिवाय विमानतळ, वीजकेंद्र आणि नगर अशा प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. १३०.७५ चौरस किलोमीटर जंगल त्यासाठी वळवले जाणार आहे आणि भरपाईची झाडे लावण्यासाठी हरियाणातली जमीन सुचवली गेली. २०११ च्या जनगणनेत २२९ भरलेले शोंपेन या बेटावर राहतात. २००४ च्या त्सुनामीने किनाऱ्यावरून उठवलेले निकोबारी आहेत. १९६९ पासून वसवलेल्या माजी सैनिकांत महाराष्ट्रातली कुटुंबेही आहेत. बंदर देशाच्या सुरक्षेला आणि व्यापाराला हवे, असे सरकारचे म्हणणे आहे. त्यावर वाद व्हायला हवा आणि तो होतोही आहे. पुण्याचे पंकज सेखसरिया वर्षानुवर्षे यावर इंग्रजीत लिहीत आले. मराठीत मात्र तो वाद रुजायला जमीनच नाही, कारण वाचकाच्या मनातले बेट आधीच रिकामे आहे. कोऱ्या जागी काय बांधावे एवढाच प्रश्न मग उरतो.

म्हणून संपादकांना माझी सूचना साधी आहे. अंदमानचा लेख हवाच, तो बंद करू नये. फक्त लेखकाला तीन गोष्टी विचाराव्यात. ज्याच्या होडीतून गेलात त्याचे आजोबा कुठून आले होते? जो पक्षी पाहिलात त्याला तिथे काय म्हणतात? आणि ज्या रस्त्याने गेलात तो कुणाच्या रानातून जातो? पाच दिवसांत एवढे विचारून होते. ही उत्तरे आली तर लेखाची दोनतीन विशेषणे कमी होतील, आणि कॅम्पबेल बेला राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाचे म्हणणे आपल्याला त्याच्याच तोंडून वाचायला मिळेल.