‘आम्ही’ आणि ‘आपण’ : ‘नोट्स ऑन अ स्कँडल’मधील निवेदनाचा प्रश्न

काय घडले हे शेवटपर्यंत झाकून ठेवणे, हा रहस्यकादंबरीचा धर्म समजला जातो. झोई हेलर यांची ‘नोट्स ऑन अ स्कँडल’ (२००३) ही कादंबरी हा धर्म आरंभीच मोडते. उत्तर लंडनमधील एका शाळेत कुंभारकाम शिकविणारी शीबा हार्ट ही विवाहिता स्टीव्हन कॉनली या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याशी संबंध ठेवते आणि ते उघडकीस येते, हे वाचकास प्रारंभीच कळून चुकते. असे असूनही त्याचा जीव अखेरपर्यंत टांगणीला लागतो. याचे कारण असे की, येथील रहस्य कृत्याचे नसून ते सांगणारीचे आहे. आणि ते तिच्या सर्वनामांत व क्रियापदांत दडलेले आहे.

ही सांगणारी म्हणजे त्याच शाळेतील इतिहासाची शिक्षिका बार्बरा कव्हेट. निवृत्तीकडे झुकलेली, अविवाहित, तीक्ष्ण बुद्धीची आणि विलक्षण एकाकी. शीबाच्या भावाच्या घरी दोघी आश्रयास राहिल्या असताना ती हा वृत्तान्त गुपचूप लिहिते. प्रसंगांचा कालपट आखते व महत्त्वाच्या घटनांवर सोनेरी चांदण्या चिकटविते. हा सारा थाट इतिहासकाराचा आहे. परंतु ज्या प्रसंगी ती हजर नव्हती, तेही ती डोळ्यांदेखत घडल्यासारखे रंगविते. शीबाने सांगितल्याचा उल्लेख मधूनमधून येतो. पण इंग्रजी भूतकाळाच्या संथ प्रवाहात तो वाहून जातो. मराठीत अशा कथनाला ‘म्हणे’ किंवा ‘असावे’ यांची जोड सहज मिळते. प्रामाणिक मराठी बार्बराच्या लेखणीतून दर तिसऱ्या वाक्याला ‘म्हणे’ उतरले असते. तथापि भाषांतरकाराने ते गाळावे, असे माझे मत आहे; नाहीतर वाचकाची फसगत होण्यापूर्वीच तो सावध व्हावयाचा. वेन बूथ यांनी १९६१ साली ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा रूढ केली, तिचा उपयोग येथे होतोच. परंतु संज्ञा लावली म्हणजे उलगडा झाला, असे नव्हे.

अधिक बिकट प्रश्न ‘वुई’ या शब्दाचा आहे. मराठी ‘आम्ही’तून ऐकणाऱ्याला वगळते आणि ‘आपण’मध्ये त्याला सामावून घेते. तेलुगूतही ‘मेमु’ व ‘मनमु’ असा भेद आहे. संस्कृतात व इंग्रजीत तो नाही. वाचकाशी बोलताना बार्बराचे ‘वुई’ म्हणजे ‘आम्ही दोघी’, हे उघड आहे. शीबाशी बोलताना मात्र ते ‘आपण’ होईल. उलटपक्षी शीबाच्या तोंडी ‘वुई’ आले, तर त्यात पती रिचर्ड, मुलगी पॉली आणि डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा बेन यांचा समावेश असतो; बार्बराचा नसतो. म्हणजे ते ‘आम्ही’च. एकीने ‘आम्ही’ म्हणावे आणि दुसरीने त्यात ‘आपण’ ऐकावे, अशी ही मैत्री आहे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे हा गैरसमज निर्वेधपणे वाढू शकतो. मराठीत तो पहिल्या चहालाच उघडा पडला असता! तीच गोष्ट ‘यू’ची. वयातील अंतर पाहता शीबाने बार्बराला ‘तुम्ही’ म्हटले असते आणि ‘तू’वर येण्याचा क्षण कदाचित उगवलाच नसता.

गुपित येथे ज्ञान नसून मालमत्ता आहे. शीबाचे गुपित हाती आल्यावर बार्बरा तक्रार करीत नाही, कारण त्या क्षणी मुलाचे हित तिच्या गणतीतच नाही. ते गुपित मैत्रीला तारण म्हणून ठेवून घेणे तिला सोयीचे वाटते. पुढे मन दुखावलेले असताना गणिताचे शिक्षक बँग्ज यांच्यापाशी ती सूचक बोलते आणि तेवढ्याने घात होतो. अपराध व्यंजनेने करावयाचा आणि बचाव अभिधेने, ही तिची रीत. कादंबरीचे यश असे की, विश्वासघाताची ही कबुलीदेखील वाचकास क्षणभर समजूतदार वाटते.

रिचर्ड आयर यांच्या २००६ सालच्या चित्रपटात जूडी डेंच यांची बार्बरा शेवटी दुसऱ्या एका स्त्रीकडे वळते. त्यामुळे ती सराईत शिकारी ठरते आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. कादंबरी हा निःश्वास टाकू देत नाही. शीबाला ते हस्तलिखित सापडते, ती वाचते, संतापते. पण संसार मोडलेला, जावे कोठे? ती बाहेर पडते, तरी फार लांब जाणार नाही अशी बार्बराची खात्री आहे. यापुढे त्या दोघींसाठी ‘आम्ही’ लिहावयाचे की ‘मी आणि ती’, हे मराठी भाषांतरकारास प्रत्येक वाक्यात ठरवावे लागेल. स्टीव्हन कॉनली मात्र या दोन्ही सर्वनामांच्या बाहेर, तृतीय पुरुषातच राहतो.